आमची वाटचाल : बेळगाव ते नाशिकचे द्राक्षमळे

नाशिकची वाइन सहल सुरू केली तेव्हा एकाच मुक्कामाचा बेत होता. तो फसणारच होता. बेळगावहून नाशिक साधारण ५५० किलोमीटर. पुण्यापर्यंत गाडी बरी पळते, पुढे चाकण-मंचरला वाट अडते. १७ सीटर ट्रॅव्हलरला चहा-जेवण धरून बारा तास लागतात. आता तीन मुक्काम ठेवतो. कर्नाटक पासिंगच्या गाडीला अखिल भारतीय पर्यटक परवाना हवाच.

क्रमही बदलावा लागला. आधी सकाळी वायनरी आणि दुपारी त्र्यंबकेश्वर असे. वाइन चाखून देवाच्या दारात जायला आमच्याकडची माणसं तयार होत नाहीत, आणि बरोबरच आहे त्यांचं. आता दुसऱ्या दिवशी पहाटे त्र्यंबक, उन्हं उतरल्यावर पांडवलेणी. २४ लेण्यांपैकी तिसरं सावकाश बघायचं. सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीची आई गौतमी बलश्री, तिचा शिलालेख तिथंच आहे. वायनरी तिसऱ्या दिवशी.

हंगाम जानेवारी ते मार्च. पावसाळ्यात वेली हिरव्यागार, फोटोही झकास, पण घड एकही नाही. २६ जानेवारीला जोडून सुट्टी आली की चौकशीचे फोन वाढतात. त्या दिवशी ड्राय डे असतो, हे आधीच सांगावं लागतं.

अथणीकडचे द्राक्ष बागायतदार सोबत असले की मळ्यातच तासभर जातो. वेलीची खरड छाटणी, फळासाठीची गोडी छाटणी त्यांना नवी नाही. शिराझ या वाइनच्या काळ्या द्राक्षाचा घड हातात घेऊन म्हणतात, "मणी फुगलेच नाहीत की!" फुगवायचेच नसतात. मणी बारीक, साल जाड, आत बिया. गोडी २२ ते २४ ब्रिक्सवर (रसातली साखर मोजायचं माप) आली की काढणी. मणी चिरडून बघा, काळ्या द्राक्षाचाही रस जवळजवळ पांढराच. लाल रंग सालीतून येतो, म्हणून रेड वाइनचा रस सालीसकट आंबवतात आणि व्हाइटचा आधी पिळून घेतात. वेलीवरचं द्राक्ष मात्र न विचारता तोंडात टाकू नये, फवारणी झालेली असू शकते.

सुला ही वायनरी १९९९ पासूनची, गंगापूर धरणाजवळ. शनिवार-रविवारी तिथं गर्दी असते, आम्ही मंगळवार-बुधवार धरतो. वय २१ पूर्ण हवं. चाखायला पाच-सहा प्रकार, प्रत्येकी ३० मिली धरले तरी १५० ते १८० मिली होतात, तेव्हा उपाशीपोटी नको. पण त्या सकाळी नाशिकची झणझणीत मिसळही नको. तिखटानं पोळलेल्या जिभेला रेड आणखीच तुरट, जळजळीत लागते. मिसळ आदल्या दिवशी खावी. गुटखा खाणाऱ्याला तर काहीच कळत नाही. आधी व्हाइट, मग गुलाबी रोझे, रेड, गोड वाइन शेवटी. क्रम उलटला तर व्हाइट पाण्यासारखी लागते.

बाटल्या डिकीत ठेवल्या तर उन्हानं बूच वर येतं, वाइन पाझरते. शिवाय परराज्यातली दारू कर्नाटकात आणायला अबकारी खात्याचे नियम आहेत, राज्याच्या सीमेवरच्या कोगनोळी नाक्यावर हुज्जत घालून उपयोग नाही. घरच्यांसाठी बेदाणे घ्या म्हणावं, तर अथणीकर हसतात, बेदाणे त्यांच्याकडेच होतात.