मीटरवर ६२

इन्सुलिन सुरू होऊन आज बारावा दिवस. इतके दिवस साखर वाढते म्हणून घाबरायचे, आज उतरली म्हणून घाबरले! जेवणाआधीचं इंजेक्शन घेतलं आणि नेमका फोन आला. बोलण्याच्या नादात अर्धा-पाऊण तास गेला. हात थरथरायला लागले, दरदरून घाम फुटला. मीटरवर ६२. ७० च्या खाली गेली की वाट बघायची नाही, डॉक्टरांनी बजावलं होतं. तीन चमचे साखर पाण्यात ढवळून प्यायले. पुढची १५ मिनिटं संपता संपेनात. पुन्हा तपासली, ९४. मगच जेवले.

सुईची भीती म्हणाल तर ती केव्हाच गेली. पोटावर टोचलेलं कळतही नाही, बोटच जास्त दुखतं. पर्समध्ये आता ग्लुकोजची पुडी ठेवलीय. आणि फोन? जेवण झाल्यावर करा.