गायक गेला, पट्टी बदलली

बँडमधला गायक गेला की सगळे एकच विचारतात, "नवा कोण मिळाला?" जणू बल्ब गेलाय आणि त्याच होल्डरात दुसरा बसवला की झालं. आमच्या फोंड्यात तर चौकशी आणखी पुढे जायची: "त्याच्यासारखा गाणारा मिळाला का?" मिळाले होते. दोघेजण आले आणि आमच्या पहिल्या अल्बममधली गाणी श्वास घ्यायच्या जागांसकट त्याच्यासारखी गाऊन गेले. ते गेल्यावर बेसवाला मला म्हणाला, "हें आयकपापरस जुनी सीडी लावया." म्हणजे, हे ऐकण्यापेक्षा जुनी सीडीच लावू. दोघांनाही 'नाही' कळवलं.

आम्ही मराठीत रॉक करतो. घरात, दुकानात, रिहर्सलमध्ये बोलणं कोंकणी आणि वहीत लिहिणं मराठी, हे फोंडा-डिचोलीकडच्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. बाकीच्यांना सांगून उपयोग होत नाही. पहिला अल्बम चौघांचा होता. त्यातला गायक, जो दुसरी गिटारही वाजवायचा, क्रूझच्या जहाजावरच्या बँडमध्ये गेला. पाठोपाठ ड्रमर लग्न करून पुण्याला. गोव्यात वाजवणाऱ्या माणसाला जहाजाचं बोलावणं आलं की त्याला अडवू नये असं माझं स्पष्ट मत आहे. इथे ऑक्टोबर ते मे किनाऱ्यावरच्या शॅकमध्ये आणि हॉटेलात इंग्रजी कव्हर, म्हणजे दुसऱ्यांची गाणी, वाजवायची आणि आपली गाणी एखाद्या कॉलेजात किंवा जत्रेत, नाटक सुरू होईपर्यंतच्या वेळात. जहाजावर निदान महिन्याच्या महिन्याला पगार आहे.

गायक जाण्याआधी आम्ही एक काम केलं आणि ज्यांच्या बँडमधून कोणी निघालंय त्यांनी तेवढं तरी करावंच. भाजीपाव खात बसून कोणत्या गाण्यात कोणाचं काय, ते लिहून काढलं. कायद्याने एका गाण्यात तीन वेगळ्या वस्तू असतात: शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात शब्दांचा कर्ता कवी, चालीचा कर्ता संगीतकार आणि ध्वनिमुद्रणाचा कर्ता निर्माता, म्हणजे ज्याने पुढाकार घेऊन आणि जबाबदारी उचलून रेकॉर्डिंग करवलं तो. आमच्या पहिल्या अल्बमचे पैसे चौघांनी घातले होते, म्हणून ध्वनिमुद्रण चौघांचं. शब्द बहुतेक माझे. चाली मात्र निम्म्याहून अधिक त्याच्या.

तो उदारपणे म्हणाला, "म्हाका कांय नाका रे, तुमीच घेयात." मोठं मन आहे, पण ते तेवढं सोपं नाही. २०१२च्या दुरुस्तीनंतर ध्वनिमुद्रणात वापरलेल्या शब्दांच्या आणि चालीच्या रॉयल्टीतला कर्त्याचा वाटा त्याला स्वतःलाही सोडून देता येत नाही. वारसाला किंवा कॉपीराइट सोसायटीला तेवढा देता येतो. कलाकारांनी भिडेपोटी हक्क सोडून द्यायचे, म्हणूनच ही तरतूद आली. तर आम्ही गाणंवार टक्के लिहिले, खाली चौघांच्या सह्या घेतल्या आणि प्रत्येकाने फोटो काढून ठेवला. बँडच्या नावाबद्दल एकच ओळ लिहिली: जे वाजवत राहतील त्यांच्याकडे नाव. त्या ओळीवर सगळ्यात जास्त वेळ गेला आणि चहाही.

नवी गायिका आम्ही शोधली नाही, ती भजनात सापडली. डिचोलीची. नाट्यसंगीत शिकलेली, सप्ताहाला पहाटेची पाळी गाणारी. रॉक ऐकत नव्हती आणि ऐकायची फारशी इच्छाही दाखवली नाही. पहिल्याच दिवशी हार्मोनियम पुढे ओढून तिने विचारलं, "दादा, तुमची गाणी कुठल्या पट्टीत?" मी म्हटलं, ई. म्हणजे हार्मोनियमची पांढरी तीन. ती म्हणाली, "माझी काळी पाच."

गिटार वाजवणाऱ्याच्या पोटात इथे गोळा येतो. ईमध्ये गिटारची सर्वात जाडी तार मोकळी वाजते आणि आमच्या जुन्या गाण्यांचं सगळं वजन त्या एका तारेवर होतं. पांढरी तीन ते काळी पाच हे अंतर सहा अर्धस्वरांचं, सप्तकाच्या बरोबर मध्ये. वर चढा की खाली उतरा, सारखंच लांब. सहाव्या पडद्यावर कॅपो, म्हणजे सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा, लावला तर गिटार मेंडोलिनसारखी किणकिणते. खाली उतरवून तार सैल केली तर ती सुतळीसारखी लोंबते. शेवटी पहिल्या पडद्यावर कॅपो लावला आणि सगळे रिफ, म्हणजे गाण्यात परत परत येणारे गिटारचे तुकडे, जाड्या तारेवरून शेजारच्या पाचव्या तारेवर नेले. बोटांची ठेवण तीच राहिली, पट्टी काळी पाच झाली. पण तळ गेला. बेसचा जो खालचा ई ४१ हर्ट्झवर घुमायचा, त्याच्या जागी आता ५८ हर्ट्झचा स्वर. आकडा किरकोळ वाटतो, पण खोलीत उभं राहिलं की पायाखालची फरशी गप्प झाल्यासारखं वाटायचं.

आणखी एका गाण्यात तिने चालच हलवली. जुन्या गायकाचा गंधार शुद्ध होता, तिने कोमल लावला. माझी कॉर्ड मेजर, तिचा स्वर कोमल, दोन्ही एकमेकांवर घासले. मी थांबवलं. ती म्हणाली, "दादा, शब्द विरहाचे लिहिलेत तुम्ही. शुद्ध गंधारात ते हसतात." शब्द माझेच असल्यामुळे वाद घालायची पंचाईत. मग कॉर्डमधून गंधारच काढून टाकला. रॉकवाले ज्याला पॉवर कॉर्ड म्हणतात त्यात नाहीतरी फक्त षड्ज आणि पंचम असतो. मध्ये तिला हवा तो गंधार लावायला जागा मोकळी. आता प्रश्न असा की चाल कोणाची? त्या गाण्यात चालीचा काही वाटा तिला द्यायचा, असं जहाजावर मेसेज पाठवून विचारलं. तिसऱ्या दिवशी अंगठा आला. तो अंगठाही आम्ही स्क्रीनशॉट काढून कागदासोबत ठेवला आहे.

नवा ड्रमर मडगावचा. चर्चच्या क्वायरमध्ये वाढलेला, स्टाफ नोटेशन वर्तमानपत्रासारखं वाचणारा. पोर्तुगीज काळात गोव्यातल्या चर्चच्या शाळांमधून गावोगावी संगीत शिकवायचे, त्याची साय अजून मडगावकडच्या सासष्टीच्या पोरांवर आहे. मराठी त्याला समजते, वाचता येत नाही. त्यामुळे एकाच गाण्याचे तीन कागद झाले. त्याचा पाच रेघांचा, ठिपक्यांनी भरलेला. तिचा भातखंडे पद्धतीचा, कोमल स्वराखाली आडवी रेघ आणि समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, फुली. माझ्या आणि बेसवाल्याच्या कागदावर नुसती कॉर्डची नावं आणि "इथे थांब", "इथे दोनदा" असल्या सूचना. तिन्ही कागद भिंतीवर शेजारी शेजारी लावायचे आणि रिहर्सलमध्ये कोणी चुकलं की तिघेही आपापल्या कागदावर बोट ठेवून आपणच बरोबर असल्याचं सांगायचे. बहुतेक वेळा तिघेही बरोबर असायचे. ती सम मोजत होती, तो बार मोजत होता आणि मी कडवी.

यातून क्लिक ट्रॅकचं भांडण निघालं. स्टुडिओत कानात टिक टिक लावून गावं लागतं, म्हणजे नंतर तुकडे जोडता येतात. ती दोन ओळी गायची आणि तिसऱ्या ओळीला क्लिकच्या पुढे किंवा मागे. रेकॉर्डिंगवाल्याने मान हलवली. खरं तर ती बेताल नव्हती. नाट्यपद गाणारा माणूस ठेक्यावर झुलत जाऊन समेला बरोबर येऊन बसतो, आणि त्या टिकटिकीत सम कुठेच नसते. सगळे ठोके सारखे. ड्रमरनेच उपाय काढला. त्याच लयीत तबल्याचा केरवा वाजवून घेतला, आठ मात्रांचा, आणि क्लिक काढून तो तिच्या कानात सोडला. बाकी सगळ्यांना क्लिक, तिला केरवा. मग तिचं गाणं एका बैठकीत झालं. तो केरवा अल्बममध्ये कुठेही ऐकू येत नाही.

तळाच्या खड्ड्याचं काय? तिथे घुमट आलं, गोव्याचं मातीचं चर्मवाद्य. माझ्या वाड्यावरचे एक काका चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, आरत्यांना घुमट वाजवतात. बेस गप्प झाला होता तिथे घुमटाचा तो ओला, पोटातून येणारा 'घुम्' बसतो का ते बघायला त्यांना बोलावलं आणि तो बसला. मातीचं मडकं, दोन्ही बाजूंनी उघडं. मोठ्या तोंडावर चामडं, लहान तोंडावर डावा हात. हात झाकला-उघडला की स्वर खाली-वर होतो. पूर्वी घोरपडीचं चामडं लावायचे. १९७२च्या वन्यजीव कायद्यामुळे ते बंद, आता बकऱ्याचं असतं. २०१९मध्ये सरकारने घुमटाला राज्याचं वारसा वाद्य म्हणून जाहीर केलं, तेव्हापासून स्टेजवर ते दिसतं बऱ्यापैकी. पण रेकॉर्ड कसं करायचं हे सांगणारं कोणी भेटलं नाही. एक माइक चामड्यासमोर लावला, एक मागच्या लहान तोंडाशी. दोन्ही एकत्र ऐकले तर आवाज पातळ, कारण चामडं आत जातं तेव्हा मागून हवा बाहेर येते, दोन लहरी एकमेकींना खाऊन टाकतात. मागच्या माइकचं एक बटण दाबून लहर उलटी केली आणि खोली भरून गेली. काकांनी हेडफोन कानाला लावून ऐकलं आणि म्हणाले, "हां, हें आमचें."

अडचण पावसाची. आमच्यासारख्यांना सवड मिळते ती जून-जुलैत, वाजवायचं काम नसतं तेव्हा. पण त्याच दिवसांत चामडं हवेतलं पाणी पिऊन सैल पडतं. काका प्रत्येक टेकनंतर घुमट चुलीशी नेऊन फिरवून शेकायचे, टिचकी मारायचे, मान हलवायचे, परत शेकायचे. त्यात एकदा श्रावण लागला की ते आरतीच्या तालमीला जाणार, हे त्यांनी आधीच बजावलं होतं. म्हणून नेहमीचा क्रम मोडून घुमट आधी आणि गाणं नंतर घेतलं. गाणं माझ्याच घरी, माजघरात, दारांना गोधड्या लावून. वीज गेली तरी लॅपटॉपच्या बॅटरीवर इंटरफेस, म्हणजे माइकचा आवाज लॅपटॉपमध्ये नेणारा डबा, चालतो, त्यामुळे पंखा बंद असलेल्या त्या वेळा आम्हाला उलट फायद्याच्या पडल्या. एका गाण्याच्या शेवटी बेडूक आहेत. काढता आले असते.

मिक्सिंगबद्दल फार सांगण्यासारखं नाही. आवाज चढवा, चढवा असं आम्ही सगळेच म्हणत होतो. मिक्स करणाऱ्याने दाखवून दिलं की स्पॉटिफाय सगळी गाणी साधारण उणे १४ लफ्सच्या (कानाला आवाज किती मोठा वाटतो त्याचं माप) पातळीवर आणून वाजवतं. दाबून मोठं केलेलं गाणं तिथे नुसतं खाली ओढलं जातं आणि घुमटाचा ठोका चेपलेला तो चेपलेलाच राहतो. मग गप्प बसलो.

अपलोडचं प्रकरण मात्र सांगतो, कारण इथे लोक अडकतात. पहिला अल्बम जुन्या गायकाच्या ईमेलवरून चढवलेला होता. डिस्ट्रिब्युटरच्या, म्हणजे गाणी स्पॉटिफायसारख्या ठिकाणी पोचवणाऱ्या कंपनीच्या, खात्यात शिरायला ओटीपी, ओटीपी जाणार समुद्रात. तेव्हा जुना अल्बम आमच्या नव्या खात्यातून परत चढवायचं ठरलं. त्यासाठी प्रत्येक रेकॉर्डिंगचा आयएसआरसी, बारा अक्षरी ओळख क्रमांक, जुनाच द्यायचा. फाइल तीच, नावं तीच, लांबी तीच. नवं दिसायला लागलं, जुने आकडे जुळले, की मगच जुनं काढायला सांगायचं. आधी काढलं तर ऐकल्याचे आकडे आणि लोकांच्या प्लेलिस्टमधल्या जागा जायची भीती. दोन जुनी गाणी आम्ही तिच्या आवाजात पुन्हा केली. ती नवी रेकॉर्डिंग, त्यांना नवा क्रमांक.

एवढं सांभाळूनही नवा अल्बम दिसला तो कुठल्यातरी परदेशी मेटल बँडच्या पानावर. आमचंच नाव, त्यांचे केस लांब. सपोर्टला लिहिलं तर साच्यातली उत्तरं. सुदैवाने प्रकाशनाची तारीख महिनाभर पुढची ठेवली होती, म्हणून निस्तरायला वेळ मिळाला. अपलोड करताना आपल्या जुन्या पानाची लिंक तिथेच द्या, नुसतं नाव टाइप करून पुढे जाऊ नका. स्पॉटिफायच्या संपादकांकडे गाणं पाठवायचं तर किमान सात दिवस आधी पाठवा असं ते सांगतात, तेही या महिन्यातच उरकलं.

चवथीनंतर अल्बम आला. चवथीच्या आधी गोव्यात काही प्रकाशित करणं म्हणजे बंद दारासमोर पत्रक वाटणं. फोंड्यात एका लहान हॉलमध्ये सगळी गाणी वाजवली, काका पुढे बसले होते, स्टेजवर यायला तयार झाले नाहीत. जुन्या ऐकणाऱ्यांपैकी बरेच म्हणाले, पूर्वीसारखं नाही वाटत. बरोबर आहे, नाहीच ते पूर्वीसारखं. दोन भजनी मंडळांतल्या बायका मात्र सीडी मागत होत्या. सीडी आता काढत नाही म्हटल्यावर त्यांनी पेनड्राइव्ह पुढे केला.

आता राहिलंय ते रॉयल्टीचं. आयपीआरएसमध्ये, म्हणजे शब्द आणि चालीची रॉयल्टी गोळा करणाऱ्या सोसायटीत, गाणी नोंदवताना तेच भाजीपावच्या दिवशीचे टक्के भरले, गायिकेच्या बदलासकट. जुन्या गायकाची मेंबरशिप अजून व्हायची आहे. तो डिसेंबरात सुट्टीवर येतो, तेव्हा बँकेचे कागद आणि सही होईल. वर्षभरात हजारदा न ऐकल्या गेलेल्या गाण्याला स्पॉटिफाय ध्वनिमुद्रणाची रॉयल्टी देत नाही, त्यामुळे आमची सध्या कमावती म्हणावीत अशी गाणी दोनच, आणि त्यातलं एक त्याच्या चालीचं. त्याचा हिस्सा किती होतो ते बेसवाला वहीत लिहून ठेवतो. आकडा ऐकून तो हसेल, पण मोजून देणार आहोत.