करार १९६० चा, मुख्यालय २०२५ चं

जपान-अमेरिका सुरक्षा सहकार्याची बातमी आली की १९६० च्या कराराचं पाचवं कलम हमखास येतं. जपानच्या प्रशासनाखालच्या प्रदेशावर हल्ला झाला तर दोघांनी मिळून तोंड द्यायचं. त्या वेळी हुकूम कोणाचा चालणार, हे मात्र त्या कलमात नाही. दक्षिण कोरियात १९७८ पासून दोन्ही सैन्यांचं एकत्रित मुख्यालय आहे. जपानमध्ये दोघांच्या हुकूमसाखळ्या समांतर चालतात, आणि गाडं तिथेच अडतं.

२०११ च्या भूकंप-त्सुनामीत हे उघड झालं. पंतप्रधानांना सल्ला देणं, मदतकार्य चालवणं आणि अमेरिकेशी समन्वय ठेवणं, सगळं जपानच्या एकट्या संयुक्त दलप्रमुखांच्या गळ्यात पडलं. त्यावर उपाय व्हायला मार्च २०२५ उजाडला. टोकियोच्या इचिगाया भागात संयुक्त कारवायांचं स्वतंत्र मुख्यालय सुरू झालं, मनुष्यबळ सुमारे २४०. पण त्याने बोलायचं कोणाशी? योकोता तळावरच्या अमेरिकी मुख्यालयाकडे मुख्यतः तळ आणि प्रशासनाचं काम. कारवाईचे अधिकार हवाई बेटांवरच्या अमेरिकी मुख्यालयाकडे, तिथलं घड्याळ टोकियोच्या १९ तास मागे. योकोताचा दर्जा वाढवण्याची घोषणा जुलै २०२४ मध्ये झाली. हवाईतले अधिकार खरोखर तिकडे सरकले नाहीत, तर फक्त पाटी बदलेल.

हुकूम वेगळे असले तरी चित्र एकच दिसावं लागतं. त्यासाठी दोघांची जहाजं आणि विमानं लिंक १६ वर, म्हणजे रडारवर दिसलेलं एकमेकांना कळवणाऱ्या गुप्त रेडिओ-जाळ्यावर असतात. तिथल्या चुका किरकोळ वाटतात, पण महागात पडतात. संदेश गुप्त ठेवणाऱ्या सांकेतिक किल्ल्या ठरल्या वेळी बदलतात. एखाद्या जहाजावर जुनी किल्ली राहिली की ते जाळ्याबाहेर. दोन रडारांच्या मोजणीत फरक पडला तर एकच विमान दोन क्रमांकांनी दिसतं, आणि एका लक्ष्यावर दोन क्षेपणास्त्रं खर्ची पडू शकतात. म्हणून कोणतं लक्ष्य कोणाचं, याची वाटणी सरावातच घोटून घ्यावी लागते.

इंधन आणि सुट्या भागांच्या देवाणघेवाणीचा करार १९९६ चा. मूळ मसुद्यात दारूगोळा नव्हता, तो नंतर आला. हिशेब रोखीने किंवा वस्तूच्या बदल्यात वस्तू देऊन फेडतात. अमेरिकी कायद्यानुसार वस्तूची फेड १२ महिन्यांत व्हायला हवी.

एकमेकांना गुपितं देण्याचं घोडं जास्त काळ अडलं. जपानचा २०१३ चा गुपित-कायदा मुख्यतः सरकारी नोकरांभोवती होता. खासगी कंपन्यांतल्या अभियंत्यांची पार्श्वभूमी तपासून त्यांना गोपनीय माहिती हाताळण्याचा परवाना व्यापक प्रमाणात देणारा कायदा २०२४ मध्ये मंजूर झाला आणि मे २०२५ पासून लागू झाला. शस्त्रांच्या संयुक्त उत्पादनाच्या घोषणांचा वेग यापुढे या तपासणीच्या रांगेवर ठरेल.