दुवे मजकुराबाहेर: सातारच्या किल्ल्यांचा संग्रह, टप्पा तिसरा

किल्ल्यांच्या नोंदींत आता एकही दुवा मजकुरात उरलेला नाही. सगळे एसक्यूलाइट या डेटाबेसच्या दोन टेबलांत गेले: एकात दुवा आणि त्याचा प्रकार, दुसऱ्यात त्याची टोकं, म्हणजे तो ज्या जागा जोडतो त्या. त्यामुळे टोकं दोनच हवीत असं राहत नाही. ‘कोरेगाव’ला साताऱ्यातलं तालुक्याचं गाव आणि भीमा कोरेगाव, दोन्ही जोडता येतात. साउदम्प्टन विद्यापीठातल्या मायक्रोकॉझम या हायपरटेक्स्ट प्रणालीनेही दुवे असेच वेगळ्या साठ्यात ठेवले होते. वेबपानांच्या एचटीएमएलमध्ये दुवा पानातच असतो, म्हणून या पानाकडे कुठून कुठून येतात ते पानाला कळत नाही. इथे ते शोधायला डेटाबेसला एक साधी क्वेरी (प्रश्न) पुरते.

प्रकारासाठी कॉलम वाढवू नका, ओळ वाढवा. ‘दुसरं नाव’ (वासोटा, व्याघ्रगड) होताच. ‘इथून दिसतो’ (अजिंक्यताऱ्यावरून सज्जनगड) नंतर आला, पण स्कीमाला (टेबलांच्या रचनेला) हात लावावा लागला नाही.

खरी मेहनत दुव्याचं टोक मजकुरातल्या शब्दाला चिकटवण्यात आहे. अक्षराचा क्रमांक साठवला तर वर एक ओळ घातली की सगळं घसरतं. म्हणून नेमका शब्द आणि त्याच्या मागचे-पुढचे ३२-३२ कोडपॉइंट (युनिकोडमधली एकेक चिन्हं) साठवायचे. पण ‘साताऱ्यात’ आणि ‘सातार्‍यात’ डोळ्यांना सारखेच दिसतात; पहिल्यात ऱ आणि हलन्त, दुसऱ्यात र, हलन्त आणि न दिसणारा झीरो विड्थ जॉइनर. एनएफसी (युनिकोडचं एक प्रमाण रूप) केल्याने र आणि नुक्ता यांचा ऱ होतो, जॉइनरवालं रूप मात्र तसंच राहतं. त्याचाही ऱ करणारा बदल स्वतः लिहावा लागतो, मजकूर आणि साठवलेला शब्द दोन्हींवर. त्यात तीन कोडपॉइंटचे दोन होतात, म्हणून मूळ जागांचा तक्ता जवळ ठेवा, नाहीतर पुढचा प्रत्येक दुवा एकेक घर मागे सरकतो.

कॉपी करताना जॉइनर गळला की ‘सातार्यात’ असा रफार उमटतो. हे सरसकट दुरुस्त करू नका, ‘सूर्य’ आणि ‘कार्य’ बिघडतील. गावांच्या आणि किल्ल्यांच्या सामान्यरूपांची यादी करून तेवढेच शब्द बदला.

शब्दाची हद्द शोधायला पायथनच्या री या नमुने शोधणाऱ्या मॉड्यूलमधली ‘बॅकस्लॅश बी’ ही शब्दाच्या कडेची खूण चालत नाही. काना-मात्रा तिला अक्षरं वाटत नाहीत, म्हणून ‘सातारा’ ती ‘स’पाशीच तोडते. रेजेक्स हे वेगळं मॉड्यूल घाला. पुढचं काम प्रत्ययांचं: ‘गडावर’, ‘गडाहून’ एकाच टोकाला नेणं.