बर्डीतला चौक आणि माझी हरकत

सूचना आली होती वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर, निविदांच्या गर्दीत, बारीक अक्षरात. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६, कलम ३७ खाली विकास आराखड्यात फेरबदल, हरकती आणि सूचना एका महिन्याच्या आत. नागपूरच्या बर्डीतल्या आमच्या चौकातल्या मोकळ्या जागेवर वाहनतळ, दुकानं आणि कारंजं होणार होतं.

नकाशा बघायला कार्यालयात गेलो. तो कपाटात, आणि किल्ली ज्यांच्याकडे ते रजेवर. पुढच्या खेपेला टेबलावर पसरून मिळाला. कारंजं निळ्या रंगात, सेल्फी पॉइंटसुद्धा दाखवलेला. पण ज्यांच्या सावलीत अख्खा चौक बसतो ते दोन कडुनिंब कुठेच नाहीत. विचारलं तर उत्तर आलं, "सर्व्हेत नाहीत, म्हणून नकाशात नाहीत."

तोवर मोहल्ल्याच्या ग्रुपवर एक तयार मजकूर फिरत होता, 'आमचा विकासाला विरोध नाही, परंतु...' असा. अशा शंभर अर्जांना मिळून एका ओळीचं उत्तर देता येतं, म्हणून मी माझा अर्ज वेगळा लिहिला. झाडांचा मुद्दा १९७५च्या वृक्ष कायद्याला धरून मांडला. चौकात बसणाऱ्या विक्रेत्यांसाठी २०१४चा पथविक्रेता कायदा धरला. त्यात नगर पथविक्रेता समितीवर किमान ४० टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांचे असावे लागतात. हा प्रस्ताव त्या समितीपुढे गेला होता का, एवढंच विचारलं. दोन प्रती काढल्या आणि एकीवर आवक क्रमांकासह शिक्का घेतला. शिक्का नसेल तर तुम्ही अर्ज दिलाच नव्हता, असं समजा.

खरी अडचण विक्रेत्यांची होती. संत्री विकणाऱ्या मावशींना सूचना वाचून दाखवली, तर म्हणाल्या, "भाऊ, आमाले कोन इचारते?" त्यांच्याही नावाने अर्ज केला, सोबत विक्रेता प्रमाणपत्राची झेरॉक्स जोडली.

आमच्यातले काही म्हणत होते की अर्जबिर्जानं काही होत नसतं, रस्त्यावर उतरा. दाखला दीक्षाभूमीचा. १ जुलै २०२४ला भूमिगत पार्किंगविरुद्ध लोक उतरले आणि त्याच दिवशी कामाला स्थगिती मिळाली. खरं आहे. पण तोवर खोदकाम झालेलं होतं, आणि मागे दीक्षाभूमीची ताकद होती. आमच्या चौकासाठी कोण उतरणार? नकाशा कागदावर आहे तोवरच भांडण स्वस्तात पडतं.

सुनावणीला सकाळची वेळ देऊन नंबर जेवणानंतर लागला. अधिकारी म्हणाले, "थोडक्यात सांगा." मी कलमं सांगत होतो, तेवढ्यात मावशी मधेच बोलल्या, "साहेब, मे महिन्यात दुपारी दोन वाजता या कारंज्यापाशी कोन बसन?" पंचेचाळीस डिग्रीचं नागपूर त्या खोलीत सगळ्यांना ठाऊक होतं. साहेबांनी अभियंत्याला झाडांच्या जागा विचारल्या. त्याने नकाशा दोनदा फिरवला, मग मावशींनीच बोट ठेवून दाखवल्या. तिथे लाल पेनाने दोन गोल काढले गेले. समितीच्या प्रश्नावर मात्र "बघतो" एवढंच.

प्रस्ताव आता शासनाच्या मंजुरीला जाईल. लाल गोल त्यासोबत जातात की नाही, हे कळावं म्हणून सुनावणीचं इतिवृत्त आणि सुधारित नकाशा माहितीच्या अधिकारात मागितला आहे. उत्तराची मुदत ३० दिवस. नाहीच आलं, तर पहिल्या अपिलाचा मसुदा मी आत्ताच लिहून ठेवलाय.