मुंडकी कुठं गेली?

मार्चचा दुसरा आठवडा. हेनिंग्सवेरमधल्या एका बोटीचा इको-साउंडर (आवाजाच्या लहरींनी समुद्राचा तळ आणि मासे दाखवणारं यंत्र) ऐन हंगामात बंद पडला आणि मला स्वोल्वेरहून बोलावणं आलं. दोन्ही गावं नॉर्वेच्या लोफोटेन बेटांवरच्या वोगन नगरपालिकेतच. जानेवारी ते एप्रिल बॅरेंट्स समुद्रातला कॉड मासा अंडी घालायला इथं उतरतो. तेवढ्या दिवसांत बोट धक्क्याला बांधून ठेवायची म्हणजे मालकाच्या जिवाची घालमेल.

वाटेत काबेलवोगचं लाकडी चर्च लागतं. १८९८ सालचं, १२०० माणसं बसतील एवढं. टीचभर गावाला कशाला, असं मला पहिल्यांदा वाटलं होतं. पण ते बांधलं हंगामाला येणाऱ्या मच्छीमारांसाठी. त्यांच्या मुक्कामाला राजा ओयस्टाइननं ११२० च्या सुमारास इथं खोपी बांधल्या होत्या म्हणतात.

बिघाड किरकोळ निघाला. केबलच्या जोडात खारं पाणी शिरून तांब्यावर हिरवं चढलेलं. जोड कापला, नवा बसवला, तासाभरात पडद्यावर तळ दिसायला लागला.

हात धुवायला शेडमध्ये गेलो तर दहा-अकरा वर्षांची एक मुलगी कॉडच्या मुंडक्यांच्या ढिगापाशी उभी. पुढ्यात फळीवर उभा लोखंडी खिळा. मुंडकं खिळ्यावर दाबायचं, सुरी एकदा फिरवायची, जीभ बादलीत. मी मालकाला हळूच विचारलं, "एवढ्या पोरीच्या हातात सुरी?"

तो हसला. "जिभा पोरांच्याच. पैसेही त्यांचेच. आम्ही मध्ये पडत नाही."

मुलीनं सुरी माझ्यापुढे धरली. "तू करून बघ." (इथं लहान-थोर सगळे एकमेकांना 'तू'च.) कोळ्याचा पोर असून माझी पहिली जीभ अर्धीच निघाली. तेवढ्यात शेजारच्या खिळ्यावर तिच्या तीन झाल्या.

बाहेर लाकडी मांडवांवर मासे लटकत होते. मीठ नाही, फक्त थंड वारा. मे-जूनपर्यंत ते असेच राहणार. मी वेसाव्याला आईला व्हिडिओ कॉल लावला. तिचा जन्म बोंबील जबड्यात जबडा अडकवून वलांडीवर, म्हणजे वाळवायच्या मांडवावर, घालण्यात गेलेला.

"मुंडकी कुठं गेली?"

"तीही वाळवतात. नायजेरियाला जातात."

"मग जबडा नाय तर एकमेकांत अडकवतात कशानं?"

"शेपट्या बांधतात. दोन-दोनच्या."

ती फोन डोळ्यांजवळ नेऊन बराच वेळ बघत राहिली. "जोडी तर आपल्यासारखीच," म्हणाली, "पण उलटी टांगलीय."