काकवीचं चुलाण: चिरा वापरा, पण घरासारखं बांधू नका

चुलाण म्हणजे उसाचा रस आटवून काकवी करायची मोठी चूल. कोकणातला गवंडी ती बांधायलाही घराचीच सवय घेऊन येतो: चिरा (जांभा दगड), सिमेंट, पक्के सांधे. काकवीच्या चुलाणात पहिल्या हंगामातच फुटतं ते हेच. घराच्या भिंतीने पाऊस अडवायचा असतो. चुलाणाची भिंत जाळ लागला की फुगते, विझला की आकसते. तिला हलायला जागा हवी. शिवाय सिमेंटमधला चुना ४०० ते ५०० अंशांना पाणी सोडतो आणि नंतर दमट हवेतलं पाणी घेऊन पुन्हा फुगतो. मग सांध्यांचा भुगा होतो.

म्हणून जाळाकडच्या बाजूला मातीचाच माल: दोन भाग वारुळाची चाळलेली माती, एक भाग नदीची वाळू, थोडा भाताचा तूस. खाडीची खारी वाळू नको. सांधा बोटाच्या जाडीपेक्षा कमी ठेवा, जाड सांधाच आधी तडकतो. चिरा फक्त बाहेरून, आत फायर ब्रिकचा (भट्टीच्या विटेचा) थर आणि दोन्हींमध्ये २ इंच जागा सोडून ती राखेने भरा. उष्णता आत राहते आणि आतला थर बाहेरच्याला ढकलत नाही. चिरा खाणीतून निघतो तेव्हा ओला आणि मऊ असतो, हवेवर राहिला की घट्ट होतो. ताजा चिरा लावलात तर त्याच्या भोकांतल्या पाण्याची वाफ होऊन तो तडकतो.

घरबांधणीतलं जोतं, ओळंबा आणि सांधामोड (सांध्यावर सांधा येऊ न देणं) मात्र इथेही जशीच्या तशी लागतात.

काहील, म्हणजे रस आटवायचं पसरट भांडं, ६० बाय १२० सेंटिमीटर, उंची ३०, स्टेनलेस स्टील ३०४, पत्रा १६ गेज. चुलाणाची आतली रुंदी ५६ ठेवा, म्हणजे दोन्ही बाजूंना २ सेंटिमीटर टेकू मिळतो. काहील भिंतीत चिणू नका. नुसती ठेवा आणि फट ओल्या मातीने लिंपा. लेव्हल पाईपने पातळी तपासा. रस उतरवायच्या नळाच्या बाजूला ३ मिलिमीटर उतार पुरे. १ सेंटिमीटर झाला तर वरच्या टोकाला पाक करपतो.

पुढच्या अर्ध्या मीटरात लोखंडी जाळी, काहिलीच्या तळापासून ३५ सेंटिमीटर खाली, आणि जाळीखाली राखेसाठी २५ सेंटिमीटर खोली. जाळीमागे तळ चढत न्या, धुरांड्याकडे काहिलीखाली १० सेंटिमीटरच उरू द्या. जाळ तळाला घासत जातो तो या चढामुळे. तो नसला की बरीच उष्णता धुरांड्यातून वाया जाते. धुरांडं २० सेंटिमीटर व्यासाचं, ३ मीटर उंच. पहिला मीटर साध्या लोखंडाचा घ्या, कारण जस्ताचा पत्रा इथे जळून घातक धूर सोडतो. मांगरावर (शेतातल्या खोपीवर) झापांचं, म्हणजे विणलेल्या माडाच्या पातींचं, छप्पर असेल तर चुलाण बाहेरच बांधा.

पहिले तीन दिवस काहील न ठेवता छोटा जाळ करा, रोज थोडा वाढवत.

काहिलीत ८० लिटर रस साधारण ११ सेंटिमीटर भरतो. बाकीची उंची फेसासाठी. १८ ब्रिक्सच्या (साधारण १८ टक्के साखरेच्या) रसातून सुमारे २० किलो काकवी निघते, म्हणजे ६५ लिटर पाणी उडवायचं. त्याला ४५ किलोच्या आसपास सुकं लाकूड आणि साडेतीन-चार तास लागतात. ओलं लाकूड स्वतःचंच पाणी उडवण्यात जाळ खातं. चिपाड चालतं, पण चार दिवस कडक उन्हात वाळवून.

रस काढल्यापासून दोन-तीन तासांत जाळावर चढलाच पाहिजे, नाहीतर आंबतो. भेंडीची खोडं ठेचून भिजवलेलं बुळबुळीत पाणी घाला, उकळी फुटायच्या आत मळी वर येते. ती सगळी काढा. उकळीत मिसळलेली मळी नंतर निघत नाही आणि काकवी काळी पडते.

बहुतेक काहिली शेवटच्या टप्प्यातच करपतात. तयार काकवी या काहिलीत जेमतेम २ सेंटिमीटर उरते, आणि खाली निखारे तसेच धगधगत असतात. रस ५ सेंटिमीटरवर आला की नळाने कढईत उतरवा आणि शेजारच्या लहान चुलीवर मंद आचेवर आटवा. रिकाम्या काहिलीत लगेच पाणी ओता. कढईत फेस उसळला तर खोबरेल तेलाचे दोन थेंब पुरतात. १०५ अंशांना उतरवा. ११८ च्या आसपास गेलात तर गूळच होईल. थर्मामीटर आधी उकळत्या पाण्यात तपासा, किनाऱ्यावर १०० दाखवायला हवा. काकवीत साखर धरू नये म्हणून किलोला ०.४ ग्रॅम सायट्रिक ॲसिड घाला.

मिरगाआधी, म्हणजे पाऊस सुरू व्हायच्या आधी, काहील धुऊन आत ठेवा, जाळी तेलाने पुसा, धुरांड्याच्या तोंडावर डबा उपडा घाला आणि चुलाण झापांनी झाका. मातीचे सांधे दरवर्षी थोडे भरावे लागतात, एका सकाळचं काम आहे.